शिंगरोबाचा पैसा

तारीख: १९३६ सालचा दसरा. रक्कम: एक पैसा. हजर माणसं तीन: मोटार एजन्सीचे मालक बापूशेठ, ड्रायव्हर गेनू, आणि एजन्सीचा हिशेब लिहिणारा मी.

लोणावळ्याच्या बाजारात आमच्या एजन्सीच्या ओट्यासमोर नुकतीच गाडीची पूजा झाली होती. दिव्यांना झेंडूच्या माळा होत्या, चाकांखाली लिंबं होती. पेढे वाटून झाल्यावर बापूशेठनी विषय काढला.

"गेनू, तू म्हणे घाटात गाडी थांबवून शेठलोकांपुढे हात पसरतोस?"

"व्हय."

"लाज नाही वाटत?"

"मला कशापायी? माज्यासाटी थोडाच मागतुय? शिंगरोबाचा पैसा मागतो."

खंडाळ्याच्या खाली घाटात शिंगरोबाचं ठाणं आहे. इंग्रज साहेबाला घाटातून वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते, असं सांगतात. घाट उतरणारा आणि चढणारा ड्रायव्हर तिथं पैसा टाकतो. बहुतेक जण चालत्या गाडीतूनच भिरकावतात. गेनू गाडी थांबवायचा. आधी आपला पैसा टाकायचा आणि मग, मागे वळूनही न बघता, डावा हात खांद्यावरून मागे करायचा, तळवा वर. मागे बसलेल्याने त्यावर पैसा ठेवेपर्यंत गाडी हलायची नाही. अशा एका मागे बसलेल्या वकिलाने बापूशेठकडे तक्रार केली होती की तुमचा ड्रायव्हर भीक मागतो.

बापूशेठ वाद वाढवणारे नव्हते. ते म्हणाले, "आजपासून घाटाच्या दर फेरीला एक पैसा एजन्सी देईल. आप्पा, लिहून ठेवा. कुणाकडं मागायचं काम नाही."

मी विचारलं, "कोणत्या खात्यात लिहू?"

प्रश्न साधा होता, पण दुपारची जेवणं लांबली. गाड्या शेठलोकांच्या, पेट्रोलही त्यांचंच, तेव्हा त्यात घालता येईना. मी म्हटलं, किरकोळ खर्चात टाकू. गेनू म्हणाला, "द्येव किरकोळ हाय व्हय?" बापूशेठ म्हणाले, धर्मादाय. गेनू म्हणाला, "धर्म कशाचा? त्याच्या वाटंवरनं जातो, त्याचं द्येणं हाय ते." शेवटी मी 'घाटखर्च' असं नवं खातं सुचवलं. बापूशेठनी मान डोलावली आणि उठू लागले, तेवढ्यात गेनू म्हणाला,

"खातं कंचंबी घाला, पन एजन्सीचा पैसा मी टाकनार न्हाई. ज्याचा जीव गाडीत, त्याचा पैसा. एजन्सी कुटं गाडीत बसती?"

हा टोला बरोबर बसला, कारण बापूशेठ खरोखरच मोटारीत बसत नसत. माणूस तळेगाव दाभाड्याचा. पूर्वी टांग्यांचा धंदा होता, मोटारी आल्या तसे टांगे मोडून त्यांनी एजन्सी काढली. पण स्वतः मोटारीत बसले की पोटात ढवळायचं. तळेगावला जायचे ते रेल्वेने, आणि खंडाळ्याला जायचे तेही रेल्वेने. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच हसायला लागले. घाटखर्चाचं खातं उघडलं, पण त्यात गेनूच्या नावावर एकही पैसा कधी पडला नाही. त्याचा हात खांद्यावरून मागे जातच राहिला.

आमचा धंदा काय होता ते सांगतो. मुंबईच्या शेठलोकांचे लोणावळ्या-खंडाळ्याला बंगले होते. मोटारी त्यांच्या, पण मुंबईच्या सपाट रस्त्यावरचे त्यांचे ड्रायव्हर घाटाला बिचकायचे. म्हणून शेठ घाटापुरता, किंवा मुक्कामाच्या चार दिवसांपुरता, एजन्सीकडून ड्रायव्हर घ्यायचे. शेठ एजन्सीला दिवसाचा दीड रुपया देई, त्यातला सव्वा ड्रायव्हरला आणि चार आणे बापूशेठना. मागणी असेल तो दिवस भरला, नसेल तो कोरा. ड्रायव्हर तिघं होते. एजन्सीची स्वतःची गाडी एकच, स्टेशनावर उतरलेल्या उतारूंसाठी.

गेनू औंढ्याचा. लोणावळ्यापासून पायी येण्याजोगं अंतर. घरी भाताची खाचरं होती, दोन बैल होते, आणि बायको भागूबाई होती, जिच्यापुढे तो जरा जपून बोलायचा. इतर कुणापुढे तो जपून बोलल्याचं मला आठवत नाही. ठेंगणा, रुंद छातीचा, डोक्याला पटका. मोटार चालवताना तोंडाने सतत काहीतरी पुटपुटायचा. ते पुटपुटणं मोटारीशी असायचं.

रोज नवी गाडी हाती येई, आणि गेनूला त्यातच मजा वाटे. नवी गाडी आली की तो लगेच तिच्यात बसत नसे. भोवती एक फेरी मारायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "काय पावनी, बरी हायस का?" मग हँडल मारून इंजिन चालू करायचा आणि मान तिरपी करून ऐकत उभा राहायचा. ऐकून झालं की नातं ठरायचं. मोठ्या, धापा टाकणाऱ्या अमेरिकन गाड्या म्हणजे आत्याबाई. लहान, उड्या मारत जाणाऱ्या म्हणजे मेव्हण्या. एका पारशी म्हाताऱ्याची जुनी गाडी होती, तिला तो सासू म्हणायचा. "मागं ढकलावी लागती, आन् पुढं गेली की थांबत न्हाई." त्या म्हाताऱ्याला हे कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो गेनूशिवाय दुसरा ड्रायव्हर घेईना.

शेठलोकांच्या कायमच्या ड्रायव्हरांना एजन्सीवाल्यांचा तोरा सहन व्हायचा नाही. बंगल्याच्या फाटकाशी ते बिडी ओढत उभे असायचे, टोपी, बूट, पितळी बटणं. त्यांच्यातला एक जण एकदा म्हणाला, "काय गेनभाऊ, आज कुणाच्या दारात?"

"आज हिच्या, उद्या तिच्या," गेनू म्हणाला. "तुमचं बरं हाय. एकाच शेठच्या शिव्या खायच्या. आमाला रोज नव्या पाठ कराया लागत्यात."

पितळी बटणांचा कोट आमच्याकडेही होता, पण एकच. बापूशेठनी तो हौसेने शिवून घेतला होता आणि माप दिलं होतं कादरचं. कादर आमचा दुसरा ड्रायव्हर, सहा फूट उंच. तोच कोट गेनूने घातला की गुडघ्यापर्यंत यायचा, आणि हात बाह्यांत हरवायचे. एका रविवारी दोन बंगल्यांकडून एकाच वेळी मागणी आली. कोट कादर घालून गेला. गेनू पैरणीवर आणि पटक्यावर गेला. शेठनी विचारलं, "युनिफॉर्म कुठं आहे?" गेनूने अदबीने सांगितलं, "कोट मागच्या गाडीनं येतुय, शेठ." शेठ घाट उतरेपर्यंत अधूनमधून मागे वळून बघत होते म्हणे.

असे दिवस चालले होते, आणि त्याच वर्षीच्या थंडीत गेनूला हिवताप आला. तीन आठवडे तो घोंगडीखाली कुडकुडत पडून होता. एजन्सीचा नियम स्वच्छ होता, काम नाही तर मजुरी नाही. बापूशेठ त्याला बघायला औंढ्याला बैलगाडीतून गेले, मोसंबी घेऊन गेले, पण मोसंब्यांनी दुकानाची उधारी फिटत नाही. भागूबाईने त्या तीन आठवड्यांत कानातली फुलं गहाण ठेवली. गेनू उठून बसला त्या दिवशी तिने त्याला सांगितलं, "आता बस झालं पावन्यांचं. एकीच्या घरात ऱ्हावा."

त्या सुमाराला मुंबईचे कापसाचे व्यापारी जमनादासशेठ त्याला कायमचं मागतच होते. पगार महिना चाळीस रुपये, राहायला खोली, वर्षाला दोन जोड कपडे, आणि आजारी पडला तरी पगार चालू. गेनू माझ्याकडे आला. "आप्पा, मांडून दावा."

मी मांडून दाखवलं. चांगल्या महिन्यात एजन्सीत त्याला तीस-बत्तीस रुपये सुटत, पण असे महिने वर्षाला सात-आठच. पावसाळ्यात बंगले बंद, काम जवळजवळ नाहीच. आकड्यांत शेठची नोकरी सरळ वरचढ होती. तसं मी सांगितलं.

"तुमी म्हनता ते खरं हाय," तो म्हणाला. "आकड्याला काय, त्याला एकच गाडी चालवाया लागत न्हाई."

संक्रांतीनंतर तो मुंबईला गेला. त्याच्या जागी बापूशेठनी कुणाला घेतलं नाही. "जरा थांबू," एवढंच म्हणाले.

मुंबईची हकीकत त्याने मला पुढे सांगितली ती अशी. पगार एक तारखेला हातावर पडे. खोलीत विजेचा दिवा होता, बटण दाबलं की उजेड. एकदा इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात बोट चेमटलं तर शेठनी स्वतःचा डॉक्टर पाठवला. या गोष्टी तो प्रत्येकाला सांगायचा, आणि अगदी मनापासून सांगायचा. पण गाडी एकच, आत्याबाई. रस्ता एकच, बंगल्यापासून पेढीपर्यंत. "चार महिन्यांत तिसरा गेर लागला न्हाई, आप्पा. आत्याबाई बसून बसून जाड झाली." आणि राहिलेल्या वेळात जे काही निघेल ते. पोपटाचा पिंजरा धू. शेठच्या आईंच्या लोकरीची लडी हातांवर धरून बस. पाहुण्यांच्या पोराला घोडा हो. त्याने एकदा विचारलं, हे ड्रायव्हरचं काम आहे का? शेठ शांतपणे म्हणाले, "पगारात आलं." हे दोन शब्द शेठच्या तोंडात कायमचे होते. काहीही सांगितलं की मागोमाग यायचे, पगारात आलं.

मे महिन्यात शेठचं बिऱ्हाड लोणावळ्याला आलं. गाडीत पुढे गेनू, मागे जमनादासशेठ आणि त्यांच्या आई, ज्यांना सगळा बंगला 'बा' म्हणायचा. घाट चढताना शिंगरोबापाशी गेनूने गाडी थांबवली. पुढचं मला खुद्द बांनी सांगितलं, पदराने डोळे पुसत, कारण हसून हसून त्यांना पाणी आलं होतं.

गेनूने आपला पैसा टाकला आणि हात खांद्यावरून मागे केला.

शेठ म्हणाले, "हे काय? तुला महिना देतो ना? पगारात आलं."

गेनूने इंजिन बंद केलं. घाटात, चढावर, भर दुपारी. म्हणाला, "शेठ, माजा जीव पगारात आला, कबूल. तुमचा जीव माज्या पगारात कसा बसंल? चाळीस रुपयांत मावंल का तो?"

बांनी कनवटीचा पैसा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. हात तसाच राहिला. बा म्हणाल्या, मुलाचाही मीच देते. गेनू म्हणाला, "न्हाई बा, ज्याचा त्यानं." शेठनी खिसे चाचपले. सुटा पैसा नव्हता, रुपया होता. तो त्यांनी रागाने तळव्यावर आपटला आणि म्हणाले, "बाकीचे परत आण." गेनू देवापुढे जाऊन रिकाम्या हाताने परत आला.

"सुट्टे न्हाईत म्हनला."

बा तिथपासून बंगल्याच्या फाटकापर्यंत हसत आल्या. शेठ मात्र हसले नाहीत. आणि जूनच्या तोंडावर गेनूने भाताच्या आवणीसाठी दीड महिना सुटी मागितली तेव्हा ते म्हणाले, "कायमचा म्हणजे बारा महिने. आवणीला मजूर लाव." गेनूने कोट घडी घालून टोपी-बुटांसकट बांच्या खोलीबाहेर ठेवला, त्यांच्या पाया पडला आणि औंढ्याला चालत आला.

औंढ्याला घरात काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एजन्सीच्या ओट्यावर आला तेव्हा पुढे भागूबाई होती आणि तो तिच्या मागे. भागूबाई पहिल्यांदाच एजन्सीत येत होती. पदर खोचून ती बापूशेठच्या समोरच उभी राहिली.

"शेठ, ह्यांना परत घ्येताय का?"

"घेतो की. आजच घेतो," बापूशेठ आनंदाने म्हणाले.

"थांबा. मला आवनीला नवरा पायजे आन् तापाला पगार पायजे. मुंबईचा शेठ तापाला देतुय, आवनीला सोडत न्हाई. तुमी आवनीला सोडता, तापाला देत न्हाई. दोनी कुटं मिळंल ते सांगा, तितं जाऊ."

"अगं बाई, अशी नोकरी असती तर मीच केली नसती का?"

"तुमची गोष्ट न्हाई चाललेली," भागूबाई म्हणाली. मागे गेनू छपराचे वासे मोजल्यासारखा वर बघत होता. "येका पैशाला खातं हुडकाया दसऱ्याचा सन तुमी उपाशी काडला, असं ह्येच सांगत हुते. आन् माज्या नवऱ्याच्या तापाला खातं न्हाई? त्यो ताप काय किरकोळ हुता?"

बापूशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी दौतीत टाक बुडवून ठेवला. ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न खरा होता. एजन्सी चार आण्यांवर चालायची, त्यातच दुकानाचं भाडं आणि माझा पगार. शेवटी ते म्हणाले, "कामाच्या दर दिवसाला अर्धा आणा ड्रायव्हरने टाकायचा, अर्धा मी. डबा आप्पांकडं. जो आजारी पडेल त्याला रोजचे आठ आणे, बरा होईपर्यंत."

"बारा," भागूबाई म्हणाली.

"दहा."

"व्हय. ल्ह्या आप्पा."

बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला वरून चीर पाडून तो डबा झाला. त्याला सगळे तापाचा डबा म्हणायचे. कादरने आधी कुरकुर केली की माझा अर्धा आणा गेनूच्या तापाला का? आणि झालं उलटंच. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला आणि कादरचं मनगट मोडलं. पाच आठवडे तो गळ्यात हात बांधून ओट्यावर बसायचा आणि डब्यातून दहा आणे रोज घ्यायचा.

गेनू त्याला ऐकवायचा, "माजी बायकू भांडली, आन् खातुय ह्यो!"

"तू पन आजारी पड की," कादर म्हणायचा. "कुणी धरलंय?"

पण त्यानंतर गेनू एकदाही आजारी पडला नाही. याचं त्याला थोडं वाईटच वाटायचं.

मृगापासून आवणी संपेपर्यंत तो चिखलात असायचा, आणि आमच्या धंद्यालाही तेव्हा मागणी नसायची. एवढी सोपी गोष्ट मी त्याला मांडून दाखवलेल्या हिशेबात धरलीच नव्हती. पावसाळ्याचे कोरे महिने मी तोटा म्हणून लिहिले होते, त्याच्या घरी ते वर्षाचा तांदूळ होते. दसऱ्याला तो गाडीपाशी परत हजर व्हायचा, येताना आंबेमोहोराची एक पिशवी माझ्या घरी ठेवून. आणि जमनादासशेठचा बंगला उघडला की पहिला निरोप बांचा यायचा: घाटासाठी तोच पाठवा, हात मागे करणारा.

मग लढाई आली. पेट्रोलला कुपनं लागली, शेठलोकांच्या गाड्या गोठ्यातल्या गाईंसारख्या उभ्या राहिल्या. बापूशेठनी आणखी वर्षभर कळ काढली आणि एजन्सी बंद करायची ठरवलं. एजन्सीची गाडी खोपोलीच्या एका गृहस्थाला विकली. ती पोचती करून पैसे मोजून घ्यायचे होते.

त्या सकाळी निघण्याआधी ओट्यावर मी तापाचा डबा उघडला. साडेतेवीस रुपये निघाले. बापूशेठ म्हणाले, यात माझा अर्धा आहे, पण तो तापाला दिलेला आहे, परत घ्यायचा नाही. भागूबाई हजर होती. तिने तिघा ड्रायव्हरांचे तीन वाटे करायला लावले आणि ते बरोबर झाले की नाही हे डोळ्यांनीच तपासलं. पितळी बटणांचा कोट कुणाला द्यायचा असा प्रश्न आला. कादरचा तो होता, पण कादर आता सैन्याच्या गाडीवर जाणार होता, तिथं कोट सरकारचा. "मला द्या," भागूबाई म्हणाली. "ह्यांच्या अंगावर न्हाई बसत, पन खाचरातल्या बुजगावन्याला बसंल." तो कोट मी पुढे दोन-तीन वर्षं रेल्वेच्या खिडकीतून बघत होतो. बटणं उन्हात चमकायची आणि पाखरं त्याच्या खांद्यावर बसलेली असायची.

गाडी निघायच्या वेळी बापूशेठ रेल्वेने खोपोलीला कसं जाता येईल ते मला विचारू लागले. कर्जतला गाडी बदलावी लागते, दुपार होईल, असं मी सांगितलं. गेनूने मागचं दार उघडून धरलं.

"चला शेठ. येवडी वर्सं दुसऱ्यांना बसवलं. शेवटच्या दिशी तरी बसा."

बापूशेठ बसले. खिशात आल्याचे तुकडे आणि तोंडावर रुमाल. मी त्यांच्या शेजारी. गेनूने नेहमीप्रमाणे फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. "चल पोरी, सासरी." आणि निघाला. खंडाळ्यापर्यंत बापूशेठनी डोळे मिटून घेतले होते. घाटाच्या पहिल्या वळणावर त्यांनी माझं मनगट धरलं. गेनूने इतक्या अलगद वळणं काढली की तिसऱ्या-चौथ्या वळणाला त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली दरीकडे बघत म्हणाले, "आप्पा, हे असं दिसतं होय?"

शिंगरोबापाशी गाडी थांबली. गेनू खाली उतरला, आपला पैसा टाकून आला, सुकाणूशी बसला आणि डावा हात खांद्यावरून मागे केला. तळवा वर.

मी माझा पैसा ठेवला. तळवा हलला नाही.

बापूशेठ त्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि रुमालाआड हसताना त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पैसा काढला, मस्तकाला लावला आणि तळव्यावर ठेवला.

"घे बाबा. बसली एजन्सी गाडीत."

"लय उशीर केला," गेनू म्हणाला, आणि देवाकडे निघाला.

खोपोलीला गाडीचे पैसे बापूशेठना पोचले. त्या दिवशी शिंगरोबाला एकूण तीन पैसे दिले: एक गेनूचा, एक माझा, एक एजन्सीचा. ते कोणत्या खात्यात लिहायचे हे मी कुणाला विचारलं नाही.